एक पौंडाची मजुरी: १८७७ च्या दुष्काळातला एक हिशेब

गरिबाला किती द्यावं, या वादात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, भावनेच्या भरात देऊ नका, हिशेब करा, नाहीतर लोक फुकटे होतील. दुसरी म्हणते, माणूस मरतोय आणि तुम्ही हिशेब कसला करता? पहिलीला बुद्धी म्हणायचं, दुसरीला करुणा, आणि मग त्यांचा समतोल साधायचा, असं आपण धरून चालतो. ही वाटणीच किती चुकीची असू शकते, हे दाखवणारं एक प्रकरण आपल्याच मुलखात घडून गेलं आहे. त्यात हिशेबाचा आव आणणाऱ्या बाजूकडे हिशेब नव्हता आणि जिला भाबडी म्हणून हिणवलं जात होतं तिच्याकडे आकडे होते.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फिरकला नाही. खरीप गेलं, रब्बीची पेरणीही बहुतेक ठिकाणी झाली नाही. मुंबई इलाख्यात सोलापूर, नगर, पुणे, सातारा, आणि दक्षिणेला कलादगी, धारवाड, बेळगाव हे जिल्हे होरपळले. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचा मुलूख यांची अवस्था याहून वाईट झाली. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे देशात धान्य होतं. उत्तरेत पिकलं होतं, आणि ते दक्षिणेत आणायला आगगाडीही होती. पण शेतमजुराला शेतात काम उरलं नव्हतं, विणकराच्या कापडाला गिऱ्हाईक नव्हतं आणि ज्वारीचे भाव दुपटी-तिपटीने चढत होते. अवघ्या वर्षभरापूर्वी, १८७५ मध्ये, सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत याच भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. म्हणजे दुष्काळ यायच्या आधीच माणूस कर्जाखाली वाकलेला होता. बाजारात पोती दिसत होती, विकत घ्यायला पैसा नव्हता.

मुंबई सरकारने सुरुवातीला बरीच कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वेचं मातीकाम, नीरेचा डावा कालवा, तलाव, रस्ते. मोठ्या कामांवर इंजिनिअर असत. गावाजवळच्या छोट्या कामांवर मुलकी अधिकारी अशक्त माणसांनाही घेत आणि मजुरी जगण्यापुरती मिळत असे. कामांवरची गर्दी वाढत गेली तशी कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारला धडकी भरली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन त्या वेळी दिल्ली दरबाराच्या तयारीत होता. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणी ‘कैसर-ए-हिंद’ झाल्याची द्वाही तिथे फिरायची होती. अफगाण सरहद्दीवरच्या राजकारणाचा खर्च डोक्यावर होता तो वेगळाच. दुष्काळाचा खर्च आटोक्यात आणायला एक माणूस दक्षिणेत पाठवायचं ठरलं. तो माणूस सर रिचर्ड टेंपल.

टेंपलची निवड वरवर पाहता विचित्र वाटते. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ मध्ये, बिहारात दुष्काळ पडला तेव्हा बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून याच माणसाने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला होता. मदतीसाठी फारशा अटी घातल्या नाहीत, हात आखडला नाही. भुकेने माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. इंग्रजी राजवटीतल्या दुष्काळांच्या इतिहासात अशी दुसरी नोंद सापडणं अवघड आहे. शेवटी लाखभर टन तांदूळ उरला आणि तो विकून टाकावा लागला. कौतुक व्हायचं तिथे टेंपलला लंडनच्या वर्तमानपत्रांनी आणि सरकारातल्या वरिष्ठांनी उधळ्या ठरवलं. माणसं वाचली याचा अर्थ त्यांनी असा लावला की संकट मोठं नव्हतंच, खर्चच जास्त झाला. उरलेला तांदूळ मोजता येत होता, न मेलेली माणसं मोजता येत नव्हती. टेंपल महत्त्वाकांक्षी होता. तो त्यातून जे शिकला ते दुष्काळाबद्दलचं नव्हतं, स्वतःच्या बढतीबद्दलचं होतं. हे मी त्याच्या मनात शिरून बोलतो आहे हे खरं, पण त्याचं पुढचं वागणं दुसऱ्या कशाने उलगडत नाही.

दक्षिणेत येताच त्याने तीन गोष्टी केल्या. कामांवरच्या लाखो माणसांची छाननी करून ‘गरजू नाहीत’ म्हणून नावं कमी करायला लावली. धडधाकट माणसाने घरापासून दहा मैलांच्या आत काम मागायचं नाही, लांबच्या छावणीवर जायचं, अशी अट घातली. आणि मजुरी खाली आणली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वरखर्चाला आणाभर, बाईला आणि कामकरी पोराला त्याहून थोडं कमी. इतिहासात ही मजुरी त्याच्याच नावाने ओळखली जाते. कारण उघड सांगितलं होतं: मजुरी इतकी कमी असावी की ज्याला खरोखर दुसरा आधार नाही तोच येईल. किमान पैशांत प्राण टिकवणं हा उद्देश, बाकी सगळं त्याच्या खाली.

टेंपलची बाजू मूर्खपणाची नव्हती, आणि ती नीट मांडल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. दुष्काळी कामांच्या मस्टरवर खोटी नावं चढतात, हे तेव्हाही खरं होतं. मुकादम आणि कारकून यांचा वाटा असे. घरात धान्याची कणगी असलेला माणूसही एक पोरगा कामावर पाठवून देई. तहसील कचेरीतला माणूस गावोगाव फिरून कोण खरा उपाशी हे ठरवू शकत नाही, आणि ठरवायला बसला तर लाचेचं नवं दुकान उघडतं. मग निवड आपोआप व्हावी अशी काही युक्ती हवी. कष्टाचं काम आणि तुटपुंजी मजुरी ही ती युक्ती. ज्याच्या घरी चूल पेटते तो उन्हात खडी फोडायला येणार नाही. दाखला नको, पंचनामा नको, शिफारस नको. गरीब कोण हे गरिबानेच ठरवायचं. ही कल्पना मुळात चांगली आहे, इतकी चांगली की शंभर वर्षांनी महाराष्ट्राने ती पुन्हा उचलली. त्याकडे पुढे येतो.

चूक कल्पनेत नव्हती, आकड्यात होती. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तेवढ्या ज्वारीतून साधारण साडेपंधराशे कॅलरी मिळतात. दिवसभर माती वाहणाऱ्या पुरुषाला आजच्या आहारतज्ज्ञांच्या हिशेबाने साडेतीन हजारांच्या आसपास लागतात. त्या काळचा मजूर आजच्यापेक्षा हलका आणि बुटका धरला, तरी त्याला निम्म्याच्या जवळपासच मिळत होतं. वरच्या आण्यात मीठ, मिरची, सरपण आणि जमलं तर मूठभर डाळ भागवायची. आणि छावणी घरापासून दहा मैलांवर असल्यामुळे माणूस आधी चालून येणार, उघड्यावर झोपणार, मग काम करणार.

कॅलरीचा हा हिशेब आजचा आहे, पण या मजुरीवरचा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला होता. मद्रास इलाख्याचा सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा अधिकारी, डॉ. कॉर्निश याने टेंपलला जाहीर विरोध केला. कॉर्निश सरकारी नोकर होता, चळवळ्या नव्हता. त्याने दयेची याचना केली नाही. तो म्हणत होता की काम करणारं शरीर किती खातं हे मोजता येतं, तुरुंगातल्या कैद्यांच्या शिध्याच्या नोंदी सरकारच्याच दप्तरात आहेत, त्या बघा. निदान दीड पौंड धान्य हवं, शिवाय डाळ आणि भाजी हवी. नुसत्या भातावर किंवा ज्वारीवर कष्ट करणारा माणूस आधी वाळतो, मग त्याला हगवण लागते आणि मग तो मरतो, आणि मृत्यूच्या नोंदवहीत कारण म्हणून भूक लिहिली जात नाही. टेंपलकडे याला उत्तर म्हणून एकही नोंद नव्हती. एक पौंड पुरेल असं त्याचं मत होतं, आणि करून बघू, असा त्याचा पवित्रा होता. प्रयोग म्हणूनच त्याने तो केला. प्रयोग कशावर चालला आहे, हे त्या कागदांत फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही.

इकडे पुण्यात सार्वजनिक सभा ही लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था होती. सभेचे चिटणीस गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि मागे महादेव गोविंद रानडे. दिल्ली दरबाराला सार्वजनिक काका सभेचे प्रतिनिधी म्हणून स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. ती गोष्ट आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. पण त्याच महिन्यांत सभेने केलेलं दुसरं काम तितकं सांगितलं जात नाही, आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. दुष्काळी जिल्ह्यांतल्या आपल्या माणसांकडून सभेने माहिती मागवली: कुठल्या तालुक्यात किती पाऊस, भाव काय, किती गुरं विकली गेली, किती घरांना कुलपं लागली, कामावर मजुरी किती मिळते. ही माहिती जुळवून एकामागून एक निवेदनं मुंबई सरकारला पाठवली. सरकारच्या कलेक्टरांचे अहवाल एकीकडे आणि सभेचे दुसरीकडे, असा सामना सुरू झाला. नवी मजुरी आली तेव्हा सभेने विचारलं की तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त शिधा मिळतो, मग चोरी न केलेल्या माणसाचा गुन्हा काय?

मजुरांनी निवेदनाची वाट पाहिली नाही. जानेवारी १८७७ मध्ये गावाजवळची कामं बंद करून लोकांना लांबच्या छावण्यांवर हलवायचा हुकूम आला आणि मजुरी कापली गेली, तेव्हा दख्खनच्या जिल्ह्यांत लोकांनी कामं सोडली. लाखभर माणसं घमेली-कुदळी टाकून निघून गेली. भुकेल्या माणसांचा संप, आणि तोही कुणी पुढारी नसताना. हे लोक परत गावी गेले, रस्त्याला लागले, काही मुंबईकडे आले.

या संपाचा अर्थ सरकारने काय लावला, हा मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो. अधिकाऱ्यांच्या मते लोक गेले याचाच अर्थ त्यांना खरी गरज नव्हती. खरा उपाशी माणूस मिळेल त्या मजुरीवर राहिला असता. चाळणीने आपलं काम केलं. आता हा तर्क उलटसुलट करून बघा. लोक कामावर राहिले असते तर म्हटलं असतं, मजुरी पुरते आहे. गेले तर म्हणायचं, गरज नव्हती. आणि मेले तर कारण पटकी किंवा ताप. काहीही घडलं तरी मजुरी बरोबरच ठरणार. ज्या दाव्याला कुठलीही घटना खोटं ठरवू शकत नाही त्याला तर्कशुद्ध म्हणायची पद्धत कुठून आली कोण जाणे. लिटनने मात्र विरोधकांनाच भावनाविवश ठरवलं. विलायतेतल्या लोकांना स्वस्तात दयाळूपणा मिरवायचा असेल तर पैसे त्यांनी भरावेत, असा त्याचा सूर होता. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही हेही त्याने बजावलं होतं. मद्रास सरकारने स्वतः धान्य खरेदी केल्यावर तो खवळला. त्याच दुष्काळी काळात हिंदुस्थानातून विलायतेला विक्रमी गहू गेला, सुमारे ३ लाख २० हजार टन.

चाळणी म्हणून विचार केला तर दोन प्रकारच्या चुका संभवतात. नको तो माणूस आत येतो, किंवा हवा तो बाहेर राहतो. पहिल्या चुकीची किंमत चार-सहा आणे. दुसरीची किंमत एक माणूस. ज्याला हिशेब करायचा आहे त्याने या दोन्ही रकमा एका पानावर मांडायला हव्यात. टेंपलच्या वहीत पहिलाच रकाना होता. आजही ‘रेवडी’वरच्या चर्चेत, किंवा लाडक्या बहिणींच्या यादीतून कुणाला वगळायचं या वादात, मोटार असलेल्या बाईची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जिचा अर्ज बँक खातं जुळलं नाही म्हणून अडकला तिची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती चर्चेत नसतेच. चुकून मिळालेलं दिसतं. चुकून न मिळालेलं दिसत नाही. म्हणून त्याचा हिशेब मुद्दाम, शोधून, माणूस पाठवून ठेवावा लागतो. सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून ते काम केलं. सरकारी यंत्रणेने, निदान त्या जानेवारीत, ते नाकारलं.

करुणेच्या बाजूलाही हे प्रकरण सोपं नाही. कामाची कसोटी कितीही उदार केली तरी जो काम करूच शकत नाही त्याला ती बाहेर ठेवते: पोर, म्हातारा, बाळंतीण, आधीच अंथरुणाला लागलेला. इथे ना टेंपलचा पौंड उपयोगी, ना कॉर्निशचा दीड पौंड. या माणसांकडे वेगळ्या नजरेने ज्यांनी पाहिलं त्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले होते. धनकवडीच्या बालाश्रमात सत्यशोधक मंडळींनी उपाशी मुलांना जेवू घातलं आणि जोतीरावांनी त्यासाठी जाहीर आवाहन केलं. सावित्रीबाई स्वतः जुन्नर तालुक्यात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्या पत्रात हळहळ आहे, पण त्याहून जास्त कामाची माहिती आहे: चारा नाही, गाव सोडून लोक चाललेत, सावकार काय करतात, समित्या कशा नेमल्या, अधिकाऱ्याशी काय बोलणं झालं. मदतीच्या कामावर असलेल्या बाईने पाठवलेला तो अहवालच म्हणायला हवा. तरी दोघांचं बळ ते किती पुरणार! वर्गणीवर चालणारी मदत तिथेच पोचते जिथे कुणी ओळखीचं असतं. कलादगीच्या एखाद्या आडगावात सत्यशोधक नव्हते आणि सभेचा माणूसही नव्हता. तिथे फक्त सरकार पोचू शकत होतं.

मद्रासमध्ये कॉर्निशचं म्हणणं काही अंशी मानलं गेलं. मार्चच्या सुमारास शिधा सव्वा पौंडावर आला आणि त्यात थोडी डाळ धरली गेली. तोवर उशीर झाला होता. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उपासमारीमागून पटकी आणि हिवताप आले. ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात सगळे मिळून पंचावन्न लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज सर्वसाधारणपणे सांगितला जातो, काहींच्या मते आकडा याहून बराच मोठा आहे. मुंबई इलाख्यात हानी मद्रासपेक्षा कमी झाली. मोठ्या कामांचं धोरण, वेळेवर सुरू झालेली मातीकामं आणि पुण्याचा रेटा, यांपैकी कशाला किती श्रेय द्यायचं यावर अभ्यासकांत एकमत नाही. टेंपल एप्रिल १८७७ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला. दोन वर्षांनी याच मुलखात, दुष्काळाने चिडलेला लष्करी हिशेबखात्यातला एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, बंड करून उठला.

१८८० साली रिचर्ड स्ट्रेची याच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्याने कामाची कसोटी ठेवली, पण मजुरी काम करणाऱ्याचं शरीर टिकेल एवढी असली पाहिजे हे मान्य केलं आणि काम न करू शकणाऱ्यांना गावातच मदत द्यायची तरतूद सुचवली. त्यावरून इलाख्याइलाख्यांचे दुष्काळी कायदे, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाले. ते कागदावरच राहिले असते. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी त्या कोडातली कलमं मराठीत छापून गावोगाव वाचून दाखवली: शेतसारा तहकूब करून मागा, काम मागा, हे सरकारनेच लिहून दिलेलं आहे. शेतकरी दयेऐवजी नियमाच्या भाषेत बोलू लागल्यावर सरकारचं पित्त खवळलं. १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

पुढचा धागा ओळखीचा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ऐन भरात जवळजवळ पन्नास लाख माणसं कामांवर होती. मिलो ही बाहेरून आणलेली ज्वारी आणि सुकडी हा मदतीचा कोरडा आहार खाऊन ज्यांनी तो उन्हाळा काढला ती पिढी अजून आपल्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची योजना तासगाव तालुक्यात आधीच करून पाहिलेली होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, जो आजही पगाराच्या पावतीवर दिसतो. योजनेच्या गाभ्याला टेंपलचीच युक्ती होती: यादी नको, दाखला नको, कष्टाचं काम हीच चाळणी. फरक असा की काम मागणं हा हक्क झाला आणि बाईला पुरुषाइतकाच दर आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम देण्याचं बंधन घातलं, त्यापलीकडे दिलं तर दहा टक्के जादा.

एक गोष्ट मात्र रोजगार हमीतही अडचणीची राहिली. मजुरी मोजमापाने, म्हणजे जेवढी माती तेवढे पैसे. तगड्या गड्याला ते चांगलंच. पण जी बाई उपाशी असल्यामुळेच कामावर आली तिच्या खड्ड्याचं माप कमी भरतं, आणि माप कमी भरल्यामुळे शेवटी तिच्या हातात कमी पडतं. वेगवेगळ्या मातीचे, उताराचे, उन्हाळ्याचे दर वेगळे असावेत म्हणून कामगार संघटना वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. इंजिनिअरच्या दरसूचीत खडकाचा प्रकार लिहिलेला असतो, खणणाऱ्याची प्रकृती नसते.